बशीएवढं जेवण

ग्रानादाहून परत येऊन महिना झाला, तरी खानावळीत येणारं प्रत्येक ओळखीचं माणूस हात धुता धुता एकच विचारतं, "मालक, तितला राजवाडा बघितला का?"

बघितला. दोन वेळा बघितला. त्याचंही सांगतो. पण स्पेनमध्ये मी खरा थक्क झालो तो राजवाड्याच्या टेकडीखाली, आमच्या खानावळीच्या सैपाकघराएवढ्या एका दुकानात. त्या दुकानाचा फोटोसुद्धा माझ्याकडे नाही. काढायचं सुचलंच नाही.

आधी आमची ओळख. सोलापुरात आमची लिंगायत खानावळ वडिलांच्या वेळेपासूनची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं, पातळ आमटी आणि वर दही. वडिलांचा एक नियम होता, तो मी भिंतीवर लिहिला नाही एवढंच: ताटात बोटभर जागा दिसली की वाढायचं. गिऱ्हाईक ताटावर आडवा हात धरतं, तो हात लाडीगोडीनं बाजूला करून अर्धी भाकरी टाकता आली पाहिजे. ती कला मला येते. माझ्या आग्रहापुढं पैलवानांनी हात टेकलेले आहेत.

एकच माणूस माझ्या आग्रहाला पुरून उरलं. माझी बायको, महानंदा. ही करकंबची, उसाच्या गावची, खाऊन-पिऊन सुखी घरातली. गेल्या वर्षी तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण जाताना भूकही घेऊन गेलं. दोन घास झाले की ती म्हणायची, "साकु." आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच चुलीवर शिजतं. साकु म्हणजे पुरे. सकाळी साकु, दुपारी साकु. मी समोर बसून शपथा घालायचो, रागवायचो, गव्हाची गोड हुग्गी करायचो, शेंगापोळी करायचो, वर तूप सोडायचो. ताट तसंच उचललं जायचं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत. आता यांनी जेवायला पाहिजे, बाकी काही नको. लेकीकडे जाताय ना? जाऊन या. परत आल्यावर वजन करू. आणखी उतरलेलं असलं तर मात्र भरती करून नळीनं अन्न द्यावं लागेल."

खानावळवाल्याच्या बायकोला नळीनं अन्न! मी दवाखान्याच्या पायऱ्या कशा उतरलो ते मला आठवत नाही.

डाळिंबाचं गाव

आमची लेक गिरिजा ग्रानादाला असते. ऑलिव्हच्या झाडांना रोग का पडतो, यावर तिचा अभ्यास चाललाय. विमानाचं वर्णन करत नाही. विमानात बसलेल्याला त्यात नवल नाही आणि न बसलेल्याला सांगून कळणार नाही. सामानात चाळीस कडक भाकऱ्या आणि चटणीचे दोन डबे होते, आणि तिथल्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं एक भाकरी उचलून बोटानं वाजवून बघितली, एवढं सांगितलं की पुरे.

ग्रानादा म्हणजे त्यांच्या भाषेत डाळिंब. गावभर डाळिंबं आहेत: रस्त्याकडेच्या खांबांवर लोखंडाची, फरशीत कोरलेली, भांड्यांवर रंगवलेली. आमच्या सांगोल्याच्या एखाद्या बागाईतदाराला इथं आणलं तर तो आधी नमस्कार करेल आणि मग भाव विचारेल. गावाच्या मागं डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर ऑक्टोबरातच पांढरी रेघ. महानंदानं विचारलं, "चुना लावलाय का गं?" गिरिजा म्हणाली, "बर्फ आहे, अव्वा." मग आम्ही दोघं बराच वेळ गच्चीत उभे राहिलो. उन्हाळ्यात डांबर वितळणाऱ्या गावची माणसं आम्ही. बर्फ इतका जवळून, चप्पल घालून बघता येतो, हे माहीत नव्हतं.

चार ताटं

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजानं आम्हाला तिच्या नेहमीच्या दुकानी नेलं. इथं जेवणाची वेळ अडीचची. साडेबाराला भूक लागणाऱ्या माणसानं काय करायचं, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "अप्पा, त्याच्यासाठीच तापा आहे की."

तापा म्हणजे झाकण. पूर्वी म्हणे पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा तुकडा ठेवायचे, त्यावरून नाव पडलं. आता प्यायला काहीही मागवलं की सोबत एक बशीभर खाणं येतं. बशीत काय यायचं ते दुकानदार ठरवतो. दुसरा पेला मागवला की दुसरी बशी, आणि तिच्यात दुसरंच काहीतरी. या गावात त्या बशीचे वेगळे पैसे घेत नाहीत.

दुकानात शिरलो आणि महानंदा उंबऱ्यातच थांबली. छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, ओळीनं, आमच्याकडे दुकानात केळीचे घड टांगतात तशा. ती पदर नाकाला लावून मागं वळणार, तेवढ्यात गल्ल्यामागून एक साठीची बाई बाहेर आली. ठेंगणी, हाताला पीठ, खांद्यावर फडकं. हिचं नाव रेमे. गिरिजानं तिला आमचं सगळं सांगितलं: मांस नाही, मासे नाहीत, अंडंसुद्धा नाही. रेमेबाईंनी ऐकून घेतलं, आमच्याकडे काळजीनं बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, मग ही बिचारी जगतात कशावर?" गिरिजा हसायला लागली. "वेगळ्या कढईत तळते म्हणाल्यात."

रेमेबाईंनी महानंदाला तंगड्यांकडे पाठ करून बसवलं, भिंतीकडे तोंड. न सांगता. एवढं कळणारी बाई खानावळ चालवायला जन्मालाच आलेली असते.

पण खाली बघितलं आणि माझं मन उडालं. फरशीवर कागदी रुमालांचा सडा पडलेला. चोळामोळा केलेले कागद, ऑलिव्हच्या बिया, दातकोरणी. बिया चघळून माणसं सरळ खाली टाकत होती, तोंड पुसून कागद खाली टाकत होती, आणि कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. आमच्याकडे असं असतं तर गिऱ्हाईक दारातून परत गेलं असतं. गिरिजा म्हणाली, "जितके कागद जास्त तितकं दुकान चांगलं, अप्पा. लोक आधी फरशी बघतात, मगच आत येतात."

मग आमच्या समोर द्राक्षाच्या गोड रसाचे तीन पेले आले. त्याला मोस्तो म्हणतात, दारू नाही. सोबत एक बशी. बशीत बटाट्याच्या सहा चकत्या, मिरची घालून परतलेल्या. तिघांत सहा! माझ्यातला खानावळवाला उठून बसला. एवढंसं तर आमच्याकडे मुंग्यांना टाकतात. लेकीच्या गावात, लेकीच्या ओळखीच्या दुकानात, आजारी बायकोपुढं सहा चकत्या? मी गिरिजाला म्हणालो, "यांना सांग, मोठी ताटं आणा म्हणावं. जे जे शाकाहारी असंल ते सगळं."

"अप्पा, इथं तसं नसतंय. हळूहळू येतंय एकेक."

"तू सांग की."

आली चार मोठी ताटं. बटाटे, पालक-छोले, तळलेली वांगी, तेलात भिजवलेल्या भोपळी मिरच्या. टेबल भरून गेलं आणि माझा जीव थंड झाला. मी वांग्यांचं ताट महानंदापुढं सरकवलं. "घे. तुझ्या आवडीचं. एवढं तरी संपव."

तिनं ताटाकडे एकदा बघितलं. चेहरा उतरला. तोंडावर पदर धरून ती म्हणाली, "साकु," आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिली. तिनं एक घासही घेतला नव्हता.

मी आणि गिरिजानं ते सगळं खाल्लं. चांगलं असणार. मला चव आठवत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर नव्वदीच्या एक आजी बसल्या होत्या, कानात मोती, ओठाला लाली, एकट्याच. त्यांनी एक छोटा पेला घेतला, एक बशी खाल्ली, तोंड पुसलं, कागद ऐटीत खाली सोडला आणि काठी टेकत निघाल्या. रेमेबाईंनी त्यांना दार उघडून दिलं. "एवढंच?" असं कोणीही विचारलं नाही. मला ते फार विचित्र वाटलं.

टेकडीवर

तिसऱ्या दिवशी राजवाडा. आता काय सांगू? भिंतींवर दगडाची जाळी विणलेली, आणि छताकडे बघता बघता मान दुखायला लागली तरी नजर खाली येईना. ज्यांनी ते केलं त्यांच्या बोटांना मी मनातल्या मनात हात जोडले. पण माझं तोंड खरं उघडं राहिलं ते बागेतल्या एका जिन्यावर. त्या जिन्याच्या कठड्यांतून पाणी वाहतं. हात टेकायच्या जागी पन्हळ, आणि तीतून डोंगराचं गार पाणी खळखळत खाली जातं, शेकडो वर्षं. नळाला पाणी कधी येणार याच्यावर दिवस आखणारी माणसं आम्ही. महानंदानं पन्हळीत हात घातला तो बाहेर काढेना. एक एक पायरी उतरत होती आणि पाणी तिच्या बोटांतून चाललं होतं. आजारपणानंतर तिचा चेहरा असा मी बघितला नव्हता.

खाली बाकावर बसल्यावर मी पिशवीतून डबा काढला. भाकरी, चटणी, दही. तिच्यापुढं उघडून धरला.

"खा थोडं. सकाळपासून चाललीस."

ती डब्याकडे न बघता म्हणाली, "एक बोलू का? रागावणार न्हाय न्हवं?"

"बोल की."

"तुमी माझ्या घासाकडं बघत बसता. हात उचलला की तुमचं डोळं हातासंगं वर येत्यात. आन् ताट तर एवढं भरता, मला वाटतंय ह्ये समदं संपवायचं हाय माज्या जीवाला. भ्या वाटतंय वो. भूक लागल्याली असती कदी कदी, पर ताट बघितलं की पळून जाती."

वर्षभर मी समजत होतो की मी तिला जगवतोय. तीस वर्षं ज्या हाताचं कौतुक ऐकलं, त्या हाताची माझ्या बायकोला भीती वाटत होती. मला रडू आलं आणि मी ते पाण्याकडे बघत आवरलं. डबा बंद करून पिशवीत ठेवला.

कागद

चौथ्या दिवशी गिरिजा कामावर गेली. आम्ही दोघंच गावात हिंडलो, आणि दगडी चढावर महानंदाचे पाय भरून आले. समोर दिसलं तेच रेमेबाईंचं दुकान. चार वाजत आले होते, गर्दी नुकतीच ओसरली होती. तंगड्यांकडे पाठ करून ती आपणहून त्याच जागी बसली.

रेमेबाईंनी ओळखलं. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. मला शब्द येत होता एकच, तो मी म्हणालो, "मोस्तो." आणि दोन बोटं दाखवली. दुसरं काही मागवायचं तर मागवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी जेवणाच्या जागी बसलो होतो आणि माझ्या हातात काही नव्हतं.

पहिल्या बशीत ऑलिव्ह आली. मी बोरासारखं एक तोंडात टाकून कडकन चावलं. बी दाताखाली आली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. महानंदा हसली. तिनं एक उचललं, कडेनं कुरतडलं, तोंड वाकडं केलं आणि ठेवून दिलं. मी "घे की आणखी" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या पेल्याबरोबर दुसरी बशी आली. वांग्याच्या पातळ चकत्या, पिठात घोळवून तळलेल्या, सात-आठच, आणि वर काहीतरी काळसर, चकाकणारं सोडलेलं. परवाचीच वांगी, पण परवा ती ताटभर होती. रेमेबाईंनी बशी ठेवली आणि लगेच पाठ वळवून पेले पुसायला लागल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मला हे जन्मात जमलं नव्हतं: वाढायचं, आणि बघायचं नाही.

आता मी कुठं बघू? समोर महानंदा, वर तंगड्या. नजर खाली ठेवली, तर खाली कागद. दुपारच्या गर्दीचे, टेबलाखाली, खुर्चीखाली, सगळीकडे. परवा गिरिजानं सांगितलेलं मला आठवत होतं. पण खानावळवाल्याचा हात, तो राहतोय होय? मी वाकलो आणि उचलायला लागलो. एक टेबल झालं, दुसरं झालं. गुडघ्यावर बसून गल्ल्याखालचे गोळा केले. मूठ भरली, दुसरी भरली. वर पेल्यांचा आवाज थांबला. रेमेबाई गल्ल्यावरून वाकून माझ्याकडे बघत होत्या, तोंड उघडं. मग "आय, आय, आय" करत बाहेर आल्या, माझ्या दोन्ही मुठींतले कागद काढून घेतले आणि जिथं होते तिथं, पहिल्यासारखे पसरून टाकले. दुकानाची अब्रूच मी उचलून चाललो होतो!

मी ओशाळून उठलो, आणि बशी बघितली. बशी रिकामी होती.

महानंदा बोट चाटत होती. दारातल्या उजेडात बोट धरून बघत होती, परत चाटत होती.

"आवो," ती म्हणाली, "ह्यी काकवी हाय."

"काय?"

"काकवी! वांग्यावर काकवी घातलीया ह्यांनी. आमच्या गुऱ्हाळातली असती तश्शी. म्या शाळंतनं आलं की आबा भाकरीवर घालून द्याचं." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "वांग्यावर कुनी काकवी घालतंय का वो? पर लई ग्वाड लागतंय."

मी खाली बसलो. बशीकडे बघत राहिलो. त्या रिकाम्या बशीपुढं कालचा राजवाडाही मला थोडा वेळ आठवला नाही. काही सांडलं नव्हतं, टाकलं नव्हतं. बशीच्या कडेला बोटानं पुसल्याची रेघ होती.

महानंदा उठून गल्ल्याशी गेली. बोटानं बशी दाखवली, मग हातांनी चरक फिरवला, कांडं आत घातलं, कढईत रस ढवळला, फुंकर घातली. करकंबचं अख्खं गुऱ्हाळ तिनं त्या गल्ल्यापुढं उभं केलं. रेमेबाई बघत राहिल्या आणि मग "सी! सी!", म्हणजे हो हो, असं ओरडून फळीवरची बाटली काढून पुढं ठेवली. बाटलीवर उसाचं चित्र होतं. दोघी एकमेकींचे दंड धरून हसायला लागल्या. रेमेबाईंनीही विळा चालवून दाखवला, मोळी बांधून डोक्यावर घेऊन दाखवली. संध्याकाळी गिरिजाकडून कळलं: रेमेबाई समुद्राकडच्या गावच्या. त्यांचे वडील ऊस तोडायचे. आता तिकडचे कारखाने बंद झाले, ऊस जवळजवळ गेला, ही काकवी तेवढी राहिली. म्हणून वांग्यांवर त्या हात राखून घालत नाहीत.

त्या दिवशी महानंदानं आणखी एक पेला मागवला. बशीत पालक-छोले आले, चार चमचे. तीन तिनं खाल्ले. चौथा मला दिला.

पुढं अकरा दिवस आम्ही रोज दुपारी तिथं जात होतो. प्रत्येक पेल्याबरोबर काय येणार हे माहीत नसायचं, आणि महानंदा मान वळवून सैपाकघराच्या पडद्याकडे बघत बसायची, पोरगी जत्रेत बसते तशी. कधी लसणीत परतलेला पावाचा चुरा, आमच्या फोडणीच्या भाकरीचा सख्खा भाऊ. कधी टोमॅटो चोळलेला पाव. एकदा आम्ही आमची शेंगाची चटणी नेली. रेमेबाईंनी ती पावावर तेल घालून पसरली, एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या बशीत सोलापूर होतं. खाली कागद नेहमीपेक्षा जास्त पडले होते, मी मोजदाद केली नाही पण डोळ्यांना कळत होतं. मी त्यांतला एकही उचलला नाही. निघायच्या दिवशी मीही तोंड पुसून एक कागद हळूच खाली सोडला. फार जड गेलं.

सोलापूर

परत आल्यावर दवाखान्यात गेलो. महानंदा काट्यावर उभी राहिली तेव्हा मी भिंतीवरच्या चार्टाकडे बघत होतो. डॉक्टर म्हणाले, "वाढलंय. फार नाही, पण वाढलंय. भरतीचं राहू द्या आता. काय खायला घातलंत?"

"थोडं थोडं," मी म्हणालो.

खानावळीत आग्रह चालूच आहे. पैलवान लोकांना बशीत जेवण दिलं तर मला उचलून सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकतील. पण दुपारची गर्दी ओसरली की कोपऱ्यातल्या टेबलावर महानंदा येऊन बसते, भिंतीकडे तोंड करून, सवयीनं. मी चहाची एक बशी घेतो. तीत भाकरीचा चतकोर, बोटभर चटणी, भरल्या वांग्याची एक फोड आणि फोडीवर करकंबहून आणलेल्या काकवीची धार. पहिल्या दिवशी आचाऱ्यानं ते बघून कपाळाला हात लावला होता.

बशी ठेवली की हात शिवशिवतो, आणखी एक फोड टाकू म्हणतो. डोळे वर जायला बघतात. मग मी टेबलाखाली वाकतो. आमच्या खानावळीची फरशी लख्ख असते, उचलण्यासारखं खाली काही नसतं. तरी वाकून राहतो, फरशीच्या फटी बघत, कंबर दुखेपर्यंत.

काल असाच वाकलो होतो. वर भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग बोट चाटल्याचा. मग बशी टेबलावर दोनदा वाजली.

"उठा आता," महानंदा म्हणाली. "आन् वाढा की आनखी."